तक्रार तशीच, तिकीट मात्र बंद

ऑनलाइन घेतलेली वस्तू वॉरंटीत बिघडली याचा एवढा राग येत नाही. यंत्र आहे, बिघडणारच. डोकं फिरतं ते त्यानंतरच्या टोलवाटोलवीने. वेबसाइट सांगते, रिटर्नची मुदत संपली, विक्रेत्याशी बोला. विक्रेता हात वर करतो, आम्ही फक्त माल पाठवतो, कंपनीला विचारा. कंपनी म्हणते, बिलावर सीरियल नंबर नाही, विक्रेत्याकडून तो घालून आणा. परत विक्रेत्याला लिहावं तर चॅटवर तेच ठरीव उत्तर, ‘24 ते 48 तासांत संपर्क करू’. संपर्क कोणी करत नाही. मेल तेवढा येतो: आपली समस्या सोडवण्यात आली आहे, तिकीट (म्हणजे तक्रारीची नोंद) बंद केलं आहे. कोणी सोडवली? वस्तू तर टेबलावर तशीच बंद पडलेली आहे!

याला नुसती दिरंगाई म्हणू नका. यांनी वाया घालवलेला प्रत्येक दिवस ग्राहकाच्या वॉरंटीतून वजा होत असतो. अकराव्या महिन्यात केलेली तक्रार तेराव्या महिन्यात ‘मुदतीबाहेर’ ठरते ती अशीच. म्हणून तिकीट बंद केलं तरी नवीन उघडायचं नाही, कारण नवीन तिकिटाला नवीन तारीख पडते. जुन्याच मेलला उत्तर द्यायचं आणि दर वेळी सुरुवातीलाच पहिला तक्रार नंबर, पहिली तारीख, ऑर्डर नंबर आणि सीरियल नंबर लिहायचा. फोनवर काही कबूल केलं असेल तर फोन ठेवल्या ठेवल्या मेल टाकायचा: अमुक वाजता बोलणं झालं, तुम्ही असं असं म्हणालात. फोनवरचा शब्द दुसऱ्या दिवशी कोणाच्याही लक्षात नसतो.

सर्व्हिस सेंटरला गेलात की खरी गोम जॉब शीटमध्ये, म्हणजे वस्तू जमा करताना भरतात त्या कागदात. काउंटरवरचा माणूस वस्तू उलटीपालटी करतो आणि कागदावर लिहून टाकतो, ‘ओरखडे, कोपऱ्याला पोचा’. आपण घाईत सही करतो. आठवड्याने निरोप येतो, फिजिकल डॅमेज आहे, वॉरंटी लागू नाही. पोचा आणि बिघाड यांचा काडीचा संबंध नसला तरी! देण्याआधी चारही कोपरे, स्क्रीन, चार्जिंगचं पोर्ट आणि सीरियल नंबर यांचे फोटो काढून ठेवा. शीटवर चुकीचं काही लिहिलं असेल तर सही करण्याआधी खोडायला लावा आणि शीटचाही फोटो घ्या. बहुतेक फोनच्या आत एक छोटा पांढरा स्टिकर असतो, पाणी लागलं की लाल होतो. ‘पाणी गेलंय’ म्हणाले तर त्या स्टिकरचा फोटो मागा. तोंडी ऐकून घेऊ नका.

सगळ्यात जास्त छळ होतो तो मधूनच येणाऱ्या बिघाडाचा. लॅपटॉप वीस मिनिटं तापल्यावर बंद पडतो, सेंटरवाले दोन मिनिटं चालू करून बघतात आणि ‘दोष आढळला नाही’ म्हणून परत पाठवतात. यावर उपाय एकच, न तोडता घेतलेला व्हिडिओ: आधी सीरियल नंबर, मग वस्तू चालू, मग बिघाड. सोबत लिहून द्यायचं की बिघाड किती वेळाने आणि काय चालू असताना येतो. ‘नीट चालत नाही’ एवढंच लिहिलंत तर तो कागद त्यांच्याच कामाचा.

आणि फ्रिज-एसीच्या जाहिरातीतल्या मोठ्या आकड्यांचा तर संताप येतो. ‘10 वर्षं वॉरंटी’ मोठ्या अक्षरात, आणि खाली बारीक अक्षरात ‘फक्त कंप्रेसरवर’. गॅस भरणं, मजुरी, सर्किट बोर्ड यांचे पैसे बहुतेक वेळा वेगळेच. बॅटरी, केबल, अडॅप्टर यांची मुदतही अनेकदा मूळ वस्तूपेक्षा कमी असते. वेबसाइटवरचं वॉरंटीच्या अटींचं पान वस्तू विकत घेण्याआधी सेव्ह करून ठेवा. नंतर मजकूर बदललेला असतो, कधी विक्रेताच गायब असतो.

बॅटरी फुगलेली असेल तर चार्जिंग लगेच थांबवा. विक्रेता खुशाल म्हणतो, कुरिअरने पाठवा. खराब झालेली लिथियम बॅटरी विमानाने पाठवायला बंदी आहे, ती पेट घेऊ शकते! न सांगता पार्सल केलं तर जोखीम आणि दोष दोन्ही तुमच्या माथी. अशा वेळी वस्तू इथून उचलून न्यायची व्यवस्था तुम्हीच करा, असं त्यांना लेखी कळवा.

शेवटी नाक मुठीत धरून बदली वस्तू देतात, तेव्हाही सावध राहा. तिचा सीरियल नंबर वेगळा असतो आणि तुमच्या बिलावर तो नसतो. जुना नंबर, नवा नंबर, बदलल्याची तारीख आणि वॉरंटी कुठपर्यंत, हे लिहिलेलं पत्र हातात पडल्याशिवाय तक्रार मिटली असं लिहून देऊ नका. नाहीतर पुढच्या बिघाडाला तोच माणूस तेच म्हणणार, ‘हा नंबर बिलावर नाही.’