‘ताई, काहीतरी भारी सुचव ना’

परत आला मेसेज. “ताई, काहीतरी भारी सुचव ना. सिरीज. ड्रामा टाइप.”

त्या ‘ना’ला भुलून मी आजवर कितीदा फसलेय याची मोजदाद सोडून दिलीय. मावसभाऊ आहे, लाडका आहे, पण या एका बाबतीत त्याचं तोंड बघू नये असं वाटतं. आणि तो एकटा नाही. ऑफिसातली एक, कॉलेजातले दोघं-तिघं, नात्यातली निम्मी जनता. सगळ्यांना माझ्याकडून नावं हवीत. बघायचं मात्र कुणालाच नसतं.

यांना वाटतं मी नावं फेकते. अरे, मी विचार करते! याला संथ गोष्ट झेपेल का, तिच्या घरात नुकतंच कुणी गेलंय तर पहिल्याच भागात प्रेत नको, हिला कोर्टातली भांडणं आवडतात, त्याला रक्त बघवत नाही. अर्धा तास डोकं लावून एक नाव काढायचं, मग गोष्ट फुटणार नाही अशा बेताने दोन ओळी लिहायच्या. त्या दोन ओळी तीनदा खोडून परत लिहायच्या. आणि समोरून काय येतं? अंगठा. नुसता पिवळा अंगठा.

अंगठा तरी बरा. काही जण अटी घालतात.

“फार लांब नको.” बरं बाबा. म्हणून ‘चेर्नोबिल’ सांगितली, २०१९ ची, मोजून ५ भाग. तर म्हणे, “त्यात शेवटी काय होतं ते माहितीये की.” अरे राजा, स्फोट पहिल्याच भागात सुरुवातीला होऊन जातो! अणुभट्टी फुटलीय हे डोळ्यांनी दिसत असताना ते मान्य करायला कुणी तयार नाही, गोष्ट तिथून सुरू होते. “पण डिप्रेसिंग असेल ना?” नाही रे, विनोदी आहे. मध्ये मध्ये नाच आहेत.

“जुनं नको.” २००८ म्हणजे जुनं! ‘ब्रेकिंग बॅड’चा पहिला सीझन अवघा ७ भागांचा आहे, तोही लेखकांच्या संपामुळे आटोपता घ्यावा लागला म्हणून. तेवढ्यातही एकीने तिसऱ्या भागावर सोडून दिली, कारण “हिरो आवडला नाही.” तो आवडावा म्हणून बनवलाच नाहीये गं. एक साधा, दबलेला केमिस्ट्रीचा मास्तर हळूहळू इतका बिघडत जातो की आपल्याला आपल्याच सहानुभूतीची लाज वाटायला लागते. पण त्यासाठी थांबावं लागतं, आणि थांबायचं म्हटलं की यांच्या पोटात दुखतं.

आता ‘द वायर’चं ऐका, कारण खरा राग तिथला आहे.

ही माझी जीव की प्राण सिरीज. २००२ ते २००८, ५ सीझन, ६० भाग. अमेरिकेतलं बाल्टिमोर शहर, तिथले पोलीस आणि ड्रग्ज विकणाऱ्या टोळ्या. बनवणारा डेव्हिड सायमन आधी तिथल्याच वर्तमानपत्रात गुन्ह्यांच्या बातम्या द्यायचा, आणि त्याचा जोडीदार एड बर्न्स आधी पोलिसात होता, मग शाळेत शिकवत होता. म्हणून तिच्यात एकही माणूस कागदी वाटत नाही. एवढी मोठी सिरीज, पण तिला एकही एमी, म्हणजे टीव्हीचं अमेरिकेतलं मानाचं पारितोषिक, मिळालं नाही, यावर मी वेगळं भांडू शकते, आज नको. तर हा मावसभाऊ राहायला आला असताना मी ठरवलं, नाव सांगून उपयोग नाही, शेजारी बसवूनच दाखवते.

पहिला प्रसंग. रात्र, रस्त्यावर एका पोराचं प्रेत. पायरीवर एक डिटेक्टिव्ह आणि एक साक्षीदार बोलत बसलेत. मेलेला पोरगा दर आठवड्याला फाशांच्या जुगारात यायचा आणि डावातले पैसे उचलून पळायचा. पोरं दरवेळी त्याला पकडून चोपायची, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा खेळायला घ्यायची. डिटेक्टिव्ह विचारतो, दरवेळी चोरतोय तर खेळायला घेता कशाला? त्याचं उत्तर एका ओळीचं आहे आणि अख्खी सिरीज त्या ओळीत मावते. मी श्वास रोखून बसले.

आणि हा खाली बघून हसत होता. फोनमध्ये. एक मांजर कपाटावरून पडत होतं.

“काय म्हणाला तो?” म्हणे. मी मागे नेलं. पुन्हा लावलं. त्या ओळीला त्याचा फोन वाजला.

बरं, हे एकदाचं नाही. पाचव्या भागात पेजरचं, म्हणजे मोबाइलच्या आधीच्या त्या नुसते आकडे दाखवणाऱ्या डबीचं, कोडं सुटतं. टोळीतली पोरं पेजरवर नंबर पाठवतात, पोलिसांना ते नंबर लागत नाहीत. मग तो एक बावळट ठरवलेला, टेबलाशी बसवून ठेवलेला पोलीस फोनच्या बटणांकडे बघत बसतो आणि त्याला दिसतं की मधल्या ५ वरून उडी मारायची: १ च्या जागी ९, २ च्या जागी ८, ३ ला ७, ४ ला ६, आणि ५ आणि ० ची आपसात अदलाबदल. इतकंच! कुठेही पाटी लावून समजावत नाहीत. बघणाऱ्याला डोकं आहे असं गृहीत धरलंय. मी सोफ्यावर उडी मारायच्या बेतात, आणि शेजारून प्रश्न येतो, “हा कोण? हा आधी होता का?”

होता रे. कधीपासून होता. तू नव्हतास.

नंतर यानेच घरच्यांना सांगितलं, “ताईने एक सिरीज दाखवली, ठीक होती, जरा स्लो आहे.” स्लो! अर्धं जेवण बशीत ठेवून उठायचं आणि वर म्हणायचं की पोट भरलं नाही.

दीडपटीने पळवून बघणारे तर वेगळीच जमात. दोन माणसं गप्प बसलीत, त्या गप्प बसण्यात त्यांचा संसार मोडतोय, आणि हे ती शांतता पळवतात. का तर “वेळ वाचतो.” वाचलेल्या वेळात काय करता? रील बघता.

आणि एक महाभाग असा की बघायच्या आधी शेवट वाचून घेतो. ‘द सोप्रानोज’ सांगितली होती. एका माफिया डॉनच्या घराची गोष्ट, ८६ भाग, म्हटलं सावकाश बघ, घाई नाही. दुसऱ्या दिवशी म्हणतो, “शेवटी नुसता पडदा काळा होतो म्हणे, मग कशाला बघू?” २००७ साली तो शेवटचा भाग लागला तेव्हा कितीतरी लोकांना वाटलं आपलं केबलच गेलं. ८५ भाग त्या घरात राहून आल्यावर तो काळा पडदा अंगावर येतो. याला तो आयता, एका वाक्यात हवा.

सुचवणारेही काही धुतल्या तांदळाचे नाहीत, मान्य. “पहिले दोन सीझन सहन कर, तिसऱ्यापासून पकड घेते” असं म्हणणाऱ्यांना मीही हात जोडते. दोन सीझन सहन करायला मी काय शिक्षा भोगतेय? पण ते निदान बघून बोलतात.

तर परवा या मावसभावाचा तो मेसेज आल्यावर मी ठरवलं, आता फुकट नाव नाही. फोनच केला. म्हटलं, सांगते, पण एक अट आहे, माझी. बघताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा. पूर्ण भाग संपेपर्यंत हात लावायचा नाही. कबूल?

पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं, लागलं बहुतेक मनाला.

“पण ताई,” तो म्हणाला, “मी फोनवरच बघतो.”