नाताळचा मंडप उतरल्यावर गावात किती जण उरतात?

सर्व पाळकसाहेबांना, आणि नव्या गावात मंडळी, म्हणजे चर्च, उभी करायला निघालेल्या तरुण सेवकांना जय ख्रिस्त.

डिसेंबर तोंडावर आला की मराठवाड्यात एक ठरलेला बेत शिजतो. नवं गाव निवडायचं, मंडप टाकायचा, साउंड लावायचा, पुण्या-मुंबईहून वक्ता बोलवायचा, शेवटी जेवण आणि ब्लँकेटवाटप. रात्री दोनशे ताटं उठली तर सगळे खूश. जानेवारीच्या पहिल्या रविवारी तिथे आठ-दहा माणसं बसलेली असतात, त्यातली निम्मी सेवकाच्याच घरची. मग दोष गावाला. गाव कठीण आहे म्हणे.

गाव कठीण नसतं. नाताळच्या गोष्टीत जे घडलं त्याच्या बरोबर उलटं आपण करतो, एवढंच.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय शेतकऱ्याच्या नजरेने वाचा. सरकारी नावनिशीसाठी निघालेलं गरीब जोडपं, उतारशाळेत जागा नाही, बाळंत्यात गुंडाळलेलं लेकरू गव्हाणीत. आणि पहिला निरोप कुणाला? रात्री रानात जागणाऱ्या मेंढपाळांना. आपल्याकडे ती माणसं कोण, हे शोधायला लांब जायला नको. शेतीपंपाची लाईट रात्रपाळीची असली की हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला माणूस बॅटरी घेऊन बांधावर असतो. तुमची उपासना संध्याकाळी सातला, त्याची मोटर रात्री दहाला. तो झोपेल की भजनाला येईल?

बीड, जालना, धाराशिवच्या कित्येक वाड्या-तांड्यांवर तर नाताळला घरात म्हातारी माणसं नि शाळेची लेकरंच असतात. कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाची उचल घेऊन दसरा-दिवाळीनंतरच पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला गेलेला असतो. परत येतो पाडव्याच्या मागेपुढे. अशा गावात डिसेंबरात मंडळी सुरू करणं म्हणजे कुलूप लावलेल्या दाराशी निमंत्रण ठेवणं. तिथली खरी वेळ पाडवा ते मे महिन्याचा मध्य. पुढे लग्नं, मग पेरणी. जून-जुलैत कुणाला डोकं वर करायला सवड नसते. आणि नाताळ साजरा करायचाच असेल तर फडावर जा, तोडणीवाल्यांच्या झोपड्यांवर, म्हणजे कोप्यांवर. पण वेळ छापून नेऊ नका. गाडी भरायला केव्हाही हाक येते. दोन भजनं, मेंढपाळांचा उतारा, प्रार्थना, अर्ध्या तासात उठायचं. मधेच माणसं उठून गेली तर रागवायचं नाही.

वाराचंही तेच. शेतमजुराला रविवारी सुट्टी नसते, आठवडी बाजाराच्या दिवशी असते. बाजार मंगळवारचा असेल तर मंगळवारी रात्री आठ ही तुमची उपासनेची वेळ. रविवारचा हट्ट नंतर धरा.

जागा म्हणाल तर ओसरी. आठ-दहा माणसं पुरेत. पेटी, ढोलकी, टाळ. कीबोर्ड राहू द्या. मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, तेसुद्धा, मत्तय लिहितो, ‘घरात’ जाऊनच बाळाला भेटले. घर दर आठवड्याला तेच ठेवा, पण सेवकाचं नको. गावातल्याच कुणाचं तरी, शक्यतो ज्या घरात म्हातारीचा शब्द चालतो ते. मंदिरात बाळाला ओळखलं ते म्हाताऱ्या शिमोनाने आणि हन्नाने, हे आपण प्रवचनात सांगतो आणि गावात मात्र मोबाइलवाल्या पोरांच्या मागे लागतो.

भजनं मराठी चालीची. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, १९१९ ला ते गेले. तेवढ्या काळात अभंग-ओवीच्या वळणाची भजनं आणि कीर्तन त्यांनी मंडळीला दिलं. शंभर वर्षांनी आपण पुन्हा हिंदी वर्शिपच्या ट्रॅकवर माईक धरून उभे. पहिल्या आठवड्यात तीनच भजनं घ्या, तीच महिनाभर. लोक दुसऱ्या खेपेला टाळ धरतात, चौथ्या खेपेला पुस्तकाशिवाय म्हणतात. रोज नवं गाणं आणलं की शेवटपर्यंत तुम्ही एकटेच गाता.

ब्लँकेटबद्दल थोडं कडू बोलतो. वाटप म्हटलं की यादी आली, यादी आली की कुणाचं तरी नाव राहिलं. गावात दोन दिवसांत ‘पांघरुणासाठी गेले’ हा शिक्का बसतो, आणि जो खरोखर प्रार्थनेला आला होता त्यालाच तो जास्त लागतो. गरज असेल तिथे मदत जरूर करा, पण उपासनेच्या दिवशी नाही आणि फोटो काढून तर मुळीच नाही. जेवणही साधं. चाळीस माणसांना चार किलो तांदूळ, दीड किलो डाळ, खिचडी झाली. शिधा गावकऱ्यांनीच घरोघरचा आणला तर उत्तम.

गव्हाणीचा देखावाही बाजारातला आणू नका. प्लास्टिकचं कुटीर आणि वर बर्फ म्हणून कापूस! ज्या घरात वेचलेला कापूस भावाची वाट बघत आढ्यापर्यंत भरलेला आहे, तिथे तो बर्फ कुणाला दिसणार? गोठ्यातली खरी गव्हाण दाखवा, कडबा आहे तसाच राहू द्या.

मेंढपाळ बाळ पाहून परत आपल्या मेंढरांकडे गेले. नव्या विश्वासी माणसाला भावकीतून उचलून सेवक करायची घाई नको. मिशनरी नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ ख्रिस्ती वस्ती वसवली, बेथेल. वाळीत टाकलेल्यांना तेव्हा आसरा लागत होता. आज माणूस गल्लीतच राहिला तर शेजारी त्याचं जगणं बघतो.

बाप्तिस्म्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगा. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाप्रमाणे, नंतरच्या दुरुस्त्या धरून, अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांनाच आहे. दाखला, शिष्यवृत्ती, राखीव जागा यांचा हिशेब बाप्तिस्मा घेणाऱ्याला आधी कळला पाहिजे. नंतर कळलं तर फसवल्यासारखं वाटतं, आणि ते चूकही नसतं. पोलीस पाटील आणि सरपंचांनाही सभेची कल्पना आधी द्या. रात्री दहानंतर साउंड बंद. साउंडला उशिरापर्यंत सवलत असलेले दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात, ते बघून ठेवा.

प्लॉट घ्यायची वेळ आली तर सेवकाच्या नावावर घेऊ नका. माणूस गेला की वारस उभे राहतात आणि मंडळी कोर्टात. आधी धर्मादाय कार्यालयात ट्रस्टची नोंदणी, मग खरेदीखत. तोवर अर्पणाची वही दोघांच्या सह्यांनी ठेवा आणि महिन्याचा हिशेब ओसरीवरच मोठ्याने वाचून दाखवा.

आणि डिसेंबरात मंडप टाकून झालाच असेल, तर ते पैसे गेले म्हणून समजा. पण त्या रात्री आलेल्यांपैकी कुणाची माणसं ऊसतोडीला गेली आहेत, ती नावं लिहून ठेवा. पाडव्याला कोप्या मोडून ती परत येतील, तेव्हा त्यांच्या ओसरीवर चहाला जायचंय.