जगात जर्मनी, डब्यात आजी

'इश्श' हा उद्गार मला या जन्मात परत ऐकायचा नाही.

मंगळवारी परभणीहून जालन्याला चाललो होतो. खिडकी मिळालेली, कानात वायर, आणि मोबाईलमधली बाई मला जर्मन शिकवत होती. जर्मनमध्ये 'मी' म्हणजे 'इश'. पण हा श शहाण्यातला नाही आणि षटकोनातलाही नाही. जीभ टाळूजवळ न्यायची, लावायची नाही, आणि मधून मांजर फिस्कारतं तशी हवा सोडायची. मी म्हटलं 'इख'. मोबाईल लाल. 'इह', लाल. 'इक्ष', लालच. पेडगाव मागे पडेपर्यंत मी अकरा वेळा नापास झालो होतो, तोही 'मी' या शब्दात. पुढचं वाक्य कुणाबद्दल बोलणार?

कंटाळून आकड्यांकडे वळलो. पाच म्हणजे 'फ्युन्फ'. त्यातला स्वर काढायला ओठ 'ऊ'चे ठेवायचे आणि आतून 'ई' म्हणायचं. थोडक्यात, तोंडाचा चंबू करून बसायचं. मी तसा बसलेलो असतानाच मानवत रोडला एक आजी चढल्या. नववारी, मांडीवर बोचकं, बोटाला मिस्री. समोर बसून त्यांनी माझ्या चंबूकडे बराच वेळ पाहिलं.

"दाढ दुखायली का बाबा?"

"नाही आजी. अभ्यास करायलोय."

"या वयात? कशाचा?"

"जर्मन."

"जर्मलचा?" आजींचा चेहरा एकदम माहेरच्या माणसासारखा झाला. "त्याचा कशाचा आलाय अभ्यास! माझ्याकडं तीन भगुनी हायेत जर्मलची. त्यात आंबट ठिवायचं नाही, इतकंच ध्यानात ठिव. कळकतं. आन् राखेनं घासायचं."

आपल्याकडे अॅल्युमिनियमला जर्मन म्हणतात हे मी सात महिन्यांत विसरूनच गेलो होतो. शेजारी कृषी विद्यापीठातला एक पोरगा होता. त्यानं मदतीला यायची काही गरज नव्हती. "आजी, भगुनं नाही, देश. काका परभणीचे दिसायलेत." आणि मग त्यानं ते वाक्य म्हटलंच. "जगात जर्मनी, भारतात परभणी!" अर्धा डबा हसला, उरलेल्या अर्ध्यानं ते पुन्हा म्हटलं. मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. लग्नात, बारशात, बदलीच्या निरोपसमारंभात, सगळीकडे हे वाक्य मला ऐकवलं गेलंय. ते मुळात कुठून आलं, याची गोष्ट परभणीतल्या प्रत्येक हॉटेलात वेगळी मिळते. खरं सांगायचं तर मी जर्मन शिकायला लागलो तो त्यामुळेच. परभणी पाहून झाली होती, म्हटलं म्हणीचा पहिला अर्धा भागही बघू.

पण हे कारण कुणाला पटत नाही.

"किती देतेत तिकडं?" आजींचा पुढचा प्रश्न.

"मी जाणार नाही, आजी. नुसतंच शिकतोय."

डब्यात अशी शांतता पसरली, जणू मी बिनतिकीट सापडलो. आजींच्या भावकीतला पोरगा लातूरला नर्सिंग शिकतो, तो जर्मन शिकतोय ते त्यांना मान्य होतं. बरोबरच आहे. 2024 साली आपल्या सरकारनं तिकडच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी माणसं पाठवायचा करार केला, तेव्हापासून ज्याला त्याला जर्मनचं पडलंय. पण जो जाणार नाही, ज्याला पगार वाढवून मिळणार नाही, त्यानं का शिकावं? मी हार्मोनियम शिकलो असतो तर कुणी विचारलं नसतं. तंबाखू शिकलो असतो तर घरून पैसेही मिळाले असते. मॅक्स म्युलर नावाचा जर्मन माणूस जन्मभर संस्कृत करत बसला, ऋग्वेद छापून काढला, आणि भारतात एकदाही आला नाही. त्याच्या नावाचं जर्मन शिकवणारं भवन पुण्यात आहे, म्हणजे मला एक रात्र गाडीत काढून जावं लागेल. त्याला ऑक्सफर्डात कुणी 'वेद शिकून किती देतेत' असं विचारलं असेल का?

लोकांना प्रभावित करायचा मी एकदा प्रयत्न केला होता. ऑफिसात सांगितलं, मी ए-वन पातळीवर आहे. सगळ्यांनी अभिनंदन केलं, साहेबांनी चहा पाजला. आपल्याकडे ए-वन म्हणजे एक नंबर. जर्मनच्या शिडीवर ती सहांतली सगळ्यात खालची पायरी आहे, हे मी अजून सांगितलेलं नाही.

तर आजींना गप्प करावं म्हणून मी जर्मनचं सगळ्यात अवघड हत्यार बाहेर काढलं. म्हटलं, त्यांच्यात चमचा 'तो' असतो, काटा 'ती' आणि सुरी 'ते'.

"मग? आपल्यात बी चमचा तो, सुरी ती, ताट ते. त्येंचं थोडं इकडचं तिकडं झालंय."

"आजी, त्यांच्यात मुलगीसुद्धा 'ते' असते!"

"ते पोरगं, ते लेकरू, म्हणतेतच की. ल्हानग्याला 'ते'च म्हणावं."

इथं मला घाम फुटला. जर्मनमध्ये 'मेडशेन' नपुंसकलिंगी आहे ती नेमकी याच कारणानं. शेवटी 'शेन' लागलं की वस्तू लहानगी होते, आणि लहानगं सगळं 'ते'. हे समजायला मला तीन व्हिडिओ आणि एक रविवार लागला होता. मी घाईनं आकड्यांवर गेलो: एकवीसला ते 'एक आणि वीस' म्हणतात. आजी म्हणाल्या, एक-वीस, बरोबरच म्हणतेत. (2019 साली दुसरीच्या गणितात आपण त्याचं 'वीस एक' केलं होतं आणि महाराष्ट्र किती भांडला होता, ते आठवा. आजींना विचारलं असतं तर मिटलं असतं.) क्रियापदाची फोड मात्र मी त्यांच्यापासून लपवून ठेवली. फोन करणे हा जर्मनमध्ये एकच शब्द, पण वाक्यात त्याचं धड मानवत रोडला आणि शेपूट परतूरला उतरतं. तेही त्यांना आधीच ठाऊक निघालं असतं तर मी सेलूलाच उतरलो असतो.

"पण तू मघाशी त्ये तोंडाचं काय करायलतास?" आजी म्हणाल्या.

"हां काका, दाखवा की!" कृषी विद्यापीठ.

चिडलो होतो, म्हणून दाखवलं. वायर काढली, मोबाईल आजींच्या बोचक्यावर ठेवला, ओठांचा पूर्ण चंबू केला आणि आजींकडे तोंड करून लांबवर म्हटलं, "फ्यु‍ऽऽन्फ."

आजींनी पदर तोंडाला लावला. "इश्श!"

टिंग.

मोबाईल हिरवागार. मी मघाचा धडा बंद करायला विसरलो होतो. पडद्यावर टाळ्या वाजवणारी दोन हातांची चित्रं, खाली लिहिलेलं, 'उच्चार: उत्कृष्ट'.

परतूरपर्यंत डब्यातल्या प्रत्येकानं एकदा तरी इश्श म्हणून पाहिलं. चहावाल्याचं हिरवं आलं. मी 'इख'वरच.

उतरताना आजींनी खिडकीतून वाकून सांगितलं, "शिक बाबा, हात नको सोडू. आन् भगुन्यात आंबट ठिवू नको."

रात्री मोबाईलनं कळवलं की आजवरच्या सर्वोत्तम उच्चाराबद्दल मला पन्नास गुण बक्षीस मिळाले आहेत. ते परत करायची सोय मी तासभर शोधली. नाही.