ग्रामसभेत बोलणारी आपली पोरं फेलोशिपचा अर्ज का करत नाहीत?

लोकशाही कारभारात काम करणाऱ्या तरुणांसाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय फेलोशिपच्या जाहिराती दरवर्षी निघतात. पुण्या-मुंबईच्या आणि दिल्लीच्या ग्रुपवर त्या आधी फिरतात. आपल्याकडे येईपर्यंत मुदत संपत आलेली असते, मग "पुढच्या वर्षी बघू" म्हणून विषय मिटतो. मी जळगाव जिल्ह्यात एका तालुक्याच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते, आणि मला आज हे जरा सविस्तर लिहायचं आहे. या फेलोशिपना ज्या प्रकारचा तरुण हवा असतो तो खान्देशात आहे, गावोगावी आहे, फक्त तो अर्ज करत नाही. त्याचा दोष मी त्याच्या एकट्याच्या माथी मारणार नाही. तो जे करतो त्याला काम म्हणणारं माणूस त्याच्या आजूबाजूला नाही. घरचे म्हणतात रिकामे उद्योग, गावातले म्हणतात राजकारण, आणि आम्ही प्राध्यापक मंडळी हजेरी कमी भरली म्हणून ओरडतो.

"हाई मोठा लोकेस्नं काम शे, मॅडम," (हे मोठ्या लोकांचं काम आहे) असं एक विद्यार्थी फेलोशिपबद्दल मला म्हणाला. हा मुलगा वनहक्काच्या दाव्यांची कागदपत्रं भरायला आसपासच्या पाड्यांवर जातो. वनहक्क कायद्यात दाव्याची सुरुवात ग्रामसभेतून होते, हे त्याला पाठ आहे. कुठला पुरावा लागतो, मोजणीचा नकाशा कुठे अडतो, उपविभागीय समितीकडे फाइल किती पडून राहते, हे तो मला समजावून सांगतो. २००६ चा कायदा मी वर्गात शिकवते, पण तो चालतो कसा हे मी त्याच्याकडून शिकले. मग मोठे लोक म्हणजे आणखी कोण?

आधी या फेलोशिप काय मागतात ते बघा. ब्रिटिश सरकारची चिव्हनिंग १९८३ पासून चालू आहे. एक वर्षाचं पदव्युत्तर शिक्षण, सगळा खर्च त्यांचा. किमान दोन वर्षांचा म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, आणि आपल्या पोरांसाठी महत्त्वाची गोष्ट अशी की त्यात अर्धवेळ आणि विनावेतन केलेलं कामही धरतात. अर्जाला फी नाही. नेतृत्व, माणसं जोडणं, अभ्यासक्रमाची निवड आणि परतल्यावर काय करणार, यावर निबंध लिहायचे असतात. शिक्षण झाल्यावर किमान दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते. स्टॅनफर्ड विद्यापीठाची फिशर फॅमिली समर फेलोशिप (आधीचं नाव ड्रेपर हिल्स) वेगळी आहे. उन्हाळ्यातले तीन आठवडे, लोकशाही आणि कायद्याचं राज्य यासाठी काही वर्षं प्रत्यक्ष काम केलेली निरनिराळ्या देशांतली मोजकी माणसं, आणि पुन्हा आपापल्या कामावर. फुलब्राइट-नेहरूच्या मास्टर्ससाठी मात्र तीन वर्षांचा पूर्णवेळ पगारी अनुभव लागतो. ही अट आपल्या बहुतेकांना आडवी येते, तेव्हा तिथे उगाच वेळ घालवू नका. देशात पीआरएस या संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने २०१० मध्ये लॅम्प फेलोशिप सुरू केली, त्यात तरुण पदवीधराने खासदारासोबत संसदेचं काम बघायचं. कॉलेज नुकतंच संपलेल्यांनी ती सध्या चालू आहे का हे आधी बघावं. नियम आणि तारखा दरवर्षी बदलतात, त्या मूळ संकेतस्थळावरच वाचाव्यात, फिरत आलेल्या मेसेजवर विसंबू नये. आणि पैसे घेऊन "अर्ज पास करून देतो" म्हणणाऱ्याच्या दारात तर उभंही राहू नका.

आता आपल्याकडे काय आहे ते सांगते. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन फैजपूरला भरलं, अध्यक्ष होते पंडित नेहरू. तोवर असली अधिवेशनं शहरांत व्हायची. शहाद्याला १९७२ मध्ये अंबरसिंग महाराजांच्या सोबतीने भिल शेतमजूर आपल्या गेलेल्या जमिनी परत मागायला उभे राहिले, आणि त्या चळवळीतल्या बायका पुढे दारूविरुद्धही उतरल्या. हे सगळं आपण जयंती-पुण्यतिथीच्या भाषणात ठेवून दिलं आहे.

त्याहून मोठी गोष्ट अक्कलकुव्याची. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावं बुडिताखाली आली, ती अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली. त्यात पहिलं मणिबेली. तिथले आदिवासी हटले नाहीत. नर्मदेच्या तिन्ही राज्यांतल्या लोकांनी इतका नेट लावला की जागतिक बँकेला स्वतःच्याच प्रकल्पाची स्वतंत्र तपासणी करवून घ्यावी लागली. मोर्स समितीचा तो अहवाल १९९२ मध्ये आला आणि त्याने पुनर्वसनावर आणि पर्यावरणाच्या अभ्यासावर कडक ताशेरे मारले. मार्च १९९३ मध्ये उरलेलं कर्ज भारत सरकारने सोडून दिलं. त्याच वर्षी बँकेने तपासणी पॅनेल नावाची व्यवस्था उभी केली. जगात कुठेही बँकेच्या प्रकल्पामुळे ज्यांचं नुकसान होतं ते लोक आज तिथे तक्रार करू शकतात. मोठ्या धरणांना बँकेने पैसा देणं थांबवावं म्हणून १९९४ मध्ये जगभरच्या संघटनांनी जो जाहीरनामा काढला, त्याला नावच मणिबेलीचं दिलं. सत्तेला जाब कसा विचारायचा हे परदेशी विद्यापीठांत शिकवतात, आणि त्यातला एक धडा सातपुड्याच्या कुशीत लिहिला गेला आहे. नंदुरबारच्या मुलाने तिथे अर्ज करताना कशाला बिचकायचं?

पण इतिहास सांगून अर्ज भरत नाही. अर्जात तुमचं स्वतःचं काम लागतं, आणि आपली गाडी नेमकी इथे अडते.

चोपडा तालुक्यातली माझी एक विद्यार्थिनी आहे. तिचा पहिला खर्डा तिने मला दाखवला. सुरुवात अशी: "मी ग्रामीण भागातील महिलांच्या सक्षमीकरणासाठी कार्यरत असून युवकांमध्ये लोकशाही मूल्यांची जनजागृती करते." अख्खं पान असंच. मी तिला विचारलं, तुमच्या गावात महिलांची ग्रामसभा किती वाजता भरते? तर म्हणाली, आधी सकाळी अकराला भरायची, आता संध्याकाळी कामावरून आल्यावर भरते. आता का? तर म्हणे, मी बदलून घेतली.

हे तिने अर्जात लिहिलंच नव्हतं. "त्यात काय सांगायचं, मॅडम?"

मग मी तिच्याकडून सगळं काढून घेतलं. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी अकराला बायका शेतात असतात. सभेला येणार कोण? तरी रजिस्टरवर सह्या पूर्ण, कारण रजिस्टर नंतर घरोघरी फिरायचं. हिने दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात इतिवृत्ताच्या प्रती मागितल्या. तिच्या आईची सही अशा एका सभेला होती जिच्या वेळी आई दुसऱ्याच्या वावरात वेचणीला होती. ती प्रत घेऊन ही ग्रामपंचायतीत गेली. भांडली नाही. एवढंच म्हणाली की सभेची वेळ बदला, नाहीतर मी ही प्रत पंचायत समितीत देते. वेळ बदलली. पहिल्याच संध्याकाळच्या सभेत बायका पाण्यावर बोलल्या. नळाला पाणी रात्री अकराला सोडत, आणि वरच्या गल्लीत तर त्याहून उशिरा. बायका झोपमोड करून हंडे भरत बसायच्या. पाणी सोडण्याची वेळ बदलण्याचा ठराव झाला. घरकुलाच्या 'ड' यादीतली, म्हणजे घराची वाट बघणाऱ्यांची, नावं जाहीर वाचून दाखवा, अशीही मागणी त्याच सभेत झाली.

लोकशाही कारभार म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? सभेची वेळ कोण ठरवतं, त्यावर सभेत कोण बोलणार हे ठरतं. ही गोष्ट त्या मुलीने कुठल्याही पुस्तकाशिवाय ओळखली, पुरावा मिळवला, कायद्यातला रस्ता वापरला आणि निकाल लावला. कायद्याने आपल्याकडे १९९३ पासून ग्रामसभेला घटनात्मक आधार आहे. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतीतल्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तरी सरपंचबाईंच्या खुर्चीवर नवरा बसलेला आपण बघतोच. अशा ठिकाणी चोविशीतली एक मुलगी सभेची वेळ बदलून घेते, आणि अर्जात लिहिते "जनजागृती". मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. आपण शिक्षकांनीच यांना ही भाषा शिकवली. एनएसएसचे अहवाल, सत्काराच्या बातम्या, प्रास्ताविकं, सगळीकडे हीच भाषा. पोरांना वाटतं मोठं म्हणजे असंच लिहायचं असतं.

तिने नवा खर्डा मराठीत लिहिला. साधा. "आमच्या गावात महिला ग्रामसभा सकाळी भरत होती. बायका शेतात असत. मी इतिवृत्ताच्या प्रती मिळवल्या आणि सभा संध्याकाळी घ्यायला लावली." मग काय जमलं नाही तेही लिहिलं: 'ड' यादीचं वाचन अजून झालेलं नाही, आणि शेजारच्या दोन गावांत हाच प्रयत्न फसला, कारण तिथे तिच्या ओळखीचं कुणी नव्हतं. हे फसलेलं तिला गाळायचं होतं. मी म्हटलं, ठेव. शेजारच्या गावात का जमलं नाही, हाच तर तुझा अभ्यासाचा प्रश्न आहे. परदेशात जाऊन तू शिकणार काय, याचं उत्तर त्यात आहे. "मला ज्ञानाच्या कक्षा रुंदावायच्या आहेत" असं लिहून कुणालाच काही कळत नाही.

चॅटजीपीटीकडून निबंध लिहून घेणाऱ्यांनाही हेच सांगेन. त्याला तुमच्या गावातलं रजिस्टर माहीत नाही. तो तुम्हाला पुन्हा "सक्षमीकरण" देईल, फक्त चांगल्या इंग्रजीत.

कागद जपा. हे मी हात जोडून सांगते. ग्रामसभेची नोटीस, ठरावाची प्रत, माहिती अधिकाराची पोच, तहसीलला दिलेल्या निवेदनावरचा आवक शिक्का. मोबाइलमध्ये फोटो काढा आणि तारखेने ठेवा. काम करणारी आपली पोरं हे सगळं कुणाच्या तरी पिशवीत सोडून देतात, आणि दोन वर्षांनी अर्ज भरताना एकही तारीख आठवत नाही.

आणि शिफारसपत्र. आपल्याकडे शिफारस म्हटलं की पाय आपोआप आमदारांच्या ऑफिसकडे वळतात. लेटरहेड मोठं, सही मोठी, आत मजकूर काय तर "सदर उमेदवार होतकरू असून माझ्या चांगल्या परिचयाचा आहे." निवड करणाऱ्याला याचा काडीचा उपयोग नाही. ज्याने तुमचं काम जवळून बघितलं त्याचं पत्र घ्या. तुमच्याशी वाद घालून शेवटी तुमचं ऐकलेला ग्रामसेवक, बचतगटाच्या फेडरेशनवरच्या ताई, तुमच्यासोबत पाड्यावर आलेले सर. या माणसाने एक प्रसंग नीट लिहिला तरी पुरे. माझ्या सहकाऱ्यांनाही विनंती आहे: विद्यार्थी पत्र मागायला आला की "तूच लिहून आण, मी सही करतो" म्हणू नका. अर्धा तास काढा आणि स्वतः लिहा. ते पत्र त्या पोरासाठी फार मोलाचं असतं.

इंग्रजीची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. लागतं इंग्रजी. मुलाखत इंग्रजीत होते, विद्यापीठं भाषेची परीक्षा मागतात, आणि अहिराणी, पावरी, लेवा बोलत वाढलेल्या मुलाला मराठी हीच दुसरी भाषा असते, इंग्रजी तिसरी. त्याला वर्ष-दीड वर्ष द्यावं लागेल, रोज थोडं थोडं. यूपीएससी-एमपीएससीच्या अभ्यासिकांत आपली मुलं याहून कितीतरी जास्त वर्षं घालवतात आणि त्याबद्दल घरी कुणी प्रश्न विचारत नाही. मग हे वर्ष का जड वाटावं?

मुलींचा प्रश्न वेगळा आहे, तो टाळून चालणार नाही. "एकटी कशी पाठवायची" हे घरोघरी येतं. मी त्या विद्यार्थिनीच्या घरी गेले होते. तिचे आबा कमी बोलणारे. त्यांनी एकच विचारलं, "परत येईल ना?" मी त्यांना परतण्याची अट दाखवली. ते काही बोलले नाहीत, पण पासपोर्टच्या कागदांसाठी दुसऱ्या दिवशी तेच तिला तालुक्याला घेऊन गेले.

हाच प्रश्न काही कार्यकर्ते मित्रही विचारतात, जरा वेगळ्या सुरात. परदेशी शिकवणी कशाला, तिथे गेलेली पोरं गावात टिकतील का? त्यांची काळजी मला समजते. चळवळीतून चांगली माणसं शहरात निघून गेलेली त्यांनी पाहिली आहेत. पण त्यासाठी परदेश लागत नाही, पुणं पुरतं. गावाच्या कामातूनच ज्याचा प्रश्न निघाला आहे, तो त्या प्रश्नासाठी परत येण्याची शक्यता मला जास्त वाटते. आणि ब्राझीलच्या पोर्तो आलेग्रे शहरात १९८९ पासून लोकांनी महापालिकेचं बजेट स्वतः बसून ठरवायला सुरुवात केली, ते कसं जमलं आणि पुढे का ढिलं पडलं, हे आपल्या पोरांनी त्या कामातल्या माणसांच्या तोंडून ऐकलं तर वित्त आयोगाकडून गावाला मिळणाऱ्या पैशावर आपल्या ग्रामसभेत होणारी चर्चा नक्कीच बदलेल.

शिरपूर, साक्री, तळोदा, धडगाव, यावल, रावेर, अमळनेर, कुठलेही असा. ग्रामसभेत, वनहक्क समितीत, शाळा व्यवस्थापन समितीत किंवा रेशनच्या प्रश्नावर काम करत असाल तर पहिला खर्डा मराठीत लिहा, अहिराणीत लिहिला तरी चालेल, आणि मला मेसेजमध्ये पाठवा. चिव्हनिंगचे अर्ज गेली काही वर्षं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उघडतात, म्हणजे पोळ्याच्या आसपास कागद तयार हवेत. इंग्रजी आपण नंतर मिळून करू. आमच्या कॉलेजातले इंग्रजीचे दोन सर शनिवारी दुपारी बसायला तयार झाले आहेत.