आधी विचारा, पैसे कधी गेले

माझी मावसबहीण वाळवा तालुक्यात शिवणकाम करते. आम्ही तिला ताई म्हणतो. नव्या मशिनी घ्यायला तिला दोन लाख हवे होते. फेसबुकवर जाहिरात दिसली: मुद्रा योजना, २ टक्के व्याज, जामीनदार नको. पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर मंजुरीचं पत्र आलं. वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का, मध्ये तिचं नाव, तेही चुकीचं लिहिलेलं. आधी फाइल चार्ज २,१०० रुपये, मग विम्याचे ६,५००, मग जीएसटीचे ९,०००. कर्ज आलंच नाही.

मुद्रा ही संस्था कुणाला थेट कर्ज देत नाही; अर्ज बँकेत किंवा वित्तसंस्थेत करावा लागतो. कर्ज हातात पडण्याआधी कुणी यूपीआयवर पैसे मागितले की तिथेच थांबायचं. हे ताईला आता पाठ आहे.

घरच्या ग्रुपवर मात्र सगळे तिच्यावर तुटून पडले. ‘शिकलेली असून कशी फसलीस?’ ‘फुकटचं घ्यायला गेलं की असंच होतं.’ फुकटचं कसलं? ती कर्ज मागत होती, फेडणार होती. या बोलण्याच्या धाकानेच तिने नऊ दिवस कुणाला काही सांगितलं नव्हतं. १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात. एटीएममधून निघाले की संपलं. ते नऊ दिवस आमच्या जिभांनी खाल्ले.

मी राहते त्या इंग्लंडमध्येही माणसं अशीच फसतात. ‘आई, फोन हरवलाय, हा माझा नवा नंबर’ एवढ्या मेसेजवर आया पैसे पाठवतात. पण ऑक्टोबर २०२४ पासून इथे नियम आहे: फसून स्वतःच्या हाताने देशातल्या देशात पाठवलेले पैसेही बँकेने बहुतेक वेळा परत करायचे, ८५,००० पौंडांपर्यंत. भुर्दंड पाठवणारी आणि घेणारी बँक निम्मा निम्मा सोसते, त्यामुळे चोराला खातं देणाऱ्या बँकेलाही झळ बसते. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाने आधार दिला तो ग्राहकाच्या परवानगीविना गेलेल्या पैशांना. ताईने पिन स्वतः टाकला होता. ती बँकेतून रिकाम्या हाताने परत आली.

भरपाई मिळू लागली तर लोक बेफिकीर होतील, असं माझे काका म्हणतात. मला ते पटत नाही. इथेही अगदीच निष्काळजीपणा केला तर बँक नकार देऊ शकते. आणि पैसे परत मिळतील म्हणून कुणी मुद्दाम फसायला जात नाही. माझी तक्रार वेगळी आहे: जाहिरात दाखवून पैसे कमावणारी कंपनी या नियमातही मोकळीच राहते. भारताने नियम करावा तो तिलाही धरून.

गेल्या महिन्यात ताईने बचतगटाच्या बैठकीत सगळं उघड सांगितलं. ऐकून तिघींनी मोबाइल पुढे केले. तोच अशोकस्तंभ, तोच शिक्का, नावं तेवढी वेगळी. एकीने फाइल चार्ज त्याच सकाळी भरला होता. बैठक तिथेच थांबवून ताईने १९३० लावला.