निळं रक्त, ‘अशुद्ध’ शिरा आणि भिंतीला टेकवलेले पाय

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मजकुराचा सारांश असा: शिरांतलं रक्त अशुद्ध आणि निळं असतं, हवा लागली की लाल होतं, रोज दहा मिनिटं पाय भिंतीला टेकवून वर ठेवले की ते निथळतं आणि नसा साफ होतात.

रक्त निळं? तपासणीसाठी रक्त काढतात ते कोपराच्या खळगीतल्या शिरेतून, जवळपास निर्वात नळीत. हवा लागायला वावच नाही, तरी ते गडद लाल येतं. विश्रांतीच्या वेळी हृदयाकडे परतणाऱ्या रक्तातलं हिमोग्लोबिनही साधारण 70 ते 75 टक्के ऑक्सिजनने भरलेलं असतं; धमनीत 95 ते 100. शीर निळसर दिसते, कारण आजूबाजूच्या त्वचेच्या मानाने तिथून लाल प्रकाश कमी परततो. (आपण तिला ‘नीला’ म्हणतो, त्यानेही घोळ वाढलाय.)

‘अशुद्ध’ तर सरळ चूक. वाहिनीचं नाव दिशेवरून ठरतं: हृदयाकडून निघते ती धमनी, हृदयाकडे येते ती शीर. म्हणून फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीत ऑक्सिजन कमी असतो. मूत्रपिंडात तर युरिया हा टाकाऊ पदार्थ धमनीतून येतो आणि शिरेतून बाहेर पडणाऱ्या रक्तात तो कमी झालेला असतो. आता शुद्ध कोण?

पायांच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. नुसतं उभं राहिलं की घोट्याजवळच्या शिरेतला दाब 80-90 मिमी पारा होतो. चालताना पोटरीचे स्नायू शिरा पिळून रक्त वर ढकलतात, शिरांच्या आतल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत आणि दाब 30 च्याही खाली येतो. झडपा निकामी झाल्या की दाब उतरत नाही: संध्याकाळी सूज, फुगलेल्या वळणदार शिरा, घोट्याच्या आतल्या बाजूला काळी पडलेली त्वचा, पुढे न भरणारी जखम. पाय वर ठेवल्याने सूज उतरते, झडप दुरुस्त होत नाही. उभं राहिलं की पुन्हा तेच.

त्यापेक्षा चाला, उभ्याचं काम असेल तर अधूनमधून टाचा उचला. दाबमोजे (पाय आवळून धरणारे घट्ट मोजे) सकाळी सूज यायच्या आत चढवावेत, पण आधी पायाच्या धमनीची नाडी तपासून घ्यावी. धमनीच अरुंद असेल तर घट्ट मोजा उरलासुरला पुरवठाही कमी करतो.

एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, गरम लागला, तर भिंत नको नि मालीशही नको. खोल शिरेत गुठळी असू शकते, ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.