‘सर्व्हिसनंतर गाडी वळणावर अडकते’ : आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमच्या तक्रारी थोडक्यात अशा : सर्व्हिसनंतर घरी जाताना वर्धा रोडवर फोर हाय (चारही चाकांना ताकद) टाकून पाहिलं, तर वळणावर स्टिअरिंग जड झालं, खालून कटकट आवाज आला आणि लिव्हर टू हायला (फक्त मागच्या दोन चाकांना ताकद) परत येईना. आठ महिन्यांपूर्वीच बदललेलं डिफरन्शियलचं (वळताना एक्सलच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरपेटीचं) ऑइल आम्ही ‘बिल फुगवायला’ पुन्हा बदललं, तेही गिअरबॉक्सला एक आणि डिफरन्शियलला दुसरं, अशी दोन वेगवेगळी ऑइलं लावून. आणि गाडी एक दिवस जास्त ठेवली.

आधी लिव्हरचं बोलू, कारण गाडी अजून फोर हायमध्येच फिरत असेल तर ती आजच सोडवा. मोकळी, सपाट जागा बघा, स्टिअरिंग सरळ ठेवा आणि रिव्हर्समध्ये आठ-दहा मीटर हळू मागे घ्या. मग क्लच दाबून लिव्हर ओढा, सुटेल. नाहीच सुटला तर एका बाजूची चाकं रस्त्याखाली मातीत उतरवून तेच करा. हिसके देऊ नका. आतला, गिअर सरकवणारा फोर्क वाकला तर ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणारी पेटी) उतरवावी लागते, आणि तो खर्च या बिलाच्या कितीतरी पुढे जातो.

तुमची गाडी पार्ट-टाइम फोर बाय फोर आहे, म्हणजे पुढच्या आणि मागच्या एक्सलला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं सेंटर डिफरन्शियल नाही. फोर हाय टाकलं की दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट (एक्सलपर्यंत ताकद नेणारे दांडे) एकमेकांना बांधले जातात. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मुरमावर किंवा चिखलात चाक जरा घसरतं आणि तो फरक निघून जातो. आपल्याकडच्या कोरड्या सिमेंट रस्त्यावर टायर घसरतच नाही, त्यामुळे सगळा ताण शाफ्ट, त्यांच्या सांध्यातले क्रॉस आणि गिअरच्या दातांत साठत जातो. जड स्टिअरिंग, कटकट, जाम लिव्हर, तिन्हींचं मूळ हेच.

त्यात टायरची भर पडली. जॉब कार्डवर माप लिहिलेलं आहे : मागच्या दोन नव्या टायरची नक्षी 8 मिमी, पुढच्यांची 3 मिमी. त्रिज्येत 5 मिमीचा फरक म्हणजे परिघात साधारण 3 सेंटिमीटर, म्हणजे किलोमीटरमागे बारा-तेरा मीटर. टायर दबतो म्हणून प्रत्यक्षात थोडा कमी पडेल, पण सरळ रस्त्यावरसुद्धा ताण चढायला तेवढा पुरतो. फोर बाय फोरला चारही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे आणि सारखेच झिजलेले हवेत. दोनच नवे घ्यायची काटकसर या गाडीत महागात पडते. पुढचे दोन बदला, मग दर 8 ते 10 हजार किलोमीटरला चारही फिरवून घेत चला.

आता ऑइल. आठ महिन्यांचं ऑइल वयाने जुनं नव्हतं, हे खरं. पण उमरेडकडच्या पांदणीतून आणि भरल्या नाल्यातून गाडी गेल्याचं तुम्हीच सांगितलं होतं, म्हणून गाडी रात्रभर उभी ठेवली आणि सकाळी मागच्या डिफरन्शियलच्या हाउसिंगचा (कवचाचा) ड्रेन प्लग अर्धा फेराच ढिला केला. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाशी बसतं; आधी पाण्याचेच थेंब आले आणि मागून चहाच्या रंगाचं ऑइल. कारण ब्रीदर, म्हणजे हाउसिंगमधली हवा आत-बाहेर जायची नळी. त्याच्या टोपीत काळी माती भरून वाळली होती. रस्त्यावर तापलेलं हाउसिंग गार पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते. ब्रीदर बंद असेल तर ती ऑइल सीलच्या ओठातून पाणी ओढून घेते. असं ऑइल ठेवलं असतं तर बेअरिंगला गंज, मग क्राउन-पिनियनची (डिफरन्शियलच्या मुख्य गिअरजोडीची) घरघर. (वॉशिंग सेंटरवाल्यालाही सांगून ठेवा, प्रेशरचा पाइप ब्रीदर आणि सीलवर रोखू नको म्हणून.) म्हणून ऑइल काढलं, स्वस्त ऑइल घालून थोडं फिरवून धुतलं, पिनियन सील बदललं, ब्रीदरला पाइप जोडून तो बॉनेटखाली उंच बांधला आणि मग नवं ऑइल भरलं. जास्तीचा दिवस यातच गेला.

दोन ऑइलं का? डिफरन्शियलच्या हायपॉइड गिअरला (दात एकमेकांवर घासत फिरणारे, जास्त दाबाचे) जीएल-5 दर्जाचं गिअर ऑइल लागतं. तुमच्या गिअरबॉक्सला कंपनीने जीएल-4 सांगितलं आहे, कारण आत पितळी सिंक्रो रिंगा (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या) आहेत आणि जीएल-5 मधला गंधक पितळ खाऊ शकतो. ‘सगळीकडे एकच टाका’ म्हणणारा मेकॅनिक स्वस्त वाटतो, गिअर पडताना करकरायला लागेपर्यंत.

फोर हाय तपासायचंच असेल तर मुरमाच्या रस्त्यावर, महिन्यातून एकदा पाच-सात किलोमीटर चालवा, आतल्या भागांना ऑइलही लागतं. फोर लो (चारही चाकं, पण कमी वेग आणि जास्त जोर) मात्र गाडी उभी करून, गिअर न्यूट्रलला आणि क्लच दाबूनच. टू हायमध्ये, मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण कापून गोल फिरवल्यावरही कटकट आली, तर ते वेगळं प्रकरण : पुढचे सीव्ही जॉइंट (चाक वळवूनही ताकद पोचवणारे सांधे) बघावे लागतील. मग लगेच घेऊन या.

काढलेलं ऑइल बाटलीत भरून, गाडीच्या नंबरची चिठ्ठी लावून ठेवलं आहे, जुनं सीलही आहे, येऊन पाहा. पाच-सहाशे किलोमीटर झाले की ड्रेन प्लग पुन्हा ढिला करून बघू, त्याची मजुरी लागणार नाही. फक्त गाडी आदल्या संध्याकाळी आणून लावा, कारण चालवून आणल्या आणल्या उघडलं तर पाणी ऑइलमध्ये मिसळलेलं असतं, खाली सापडत नाही.